एअरब्रशची सफाई आणि देखभाल: नागपूरच्या उन्हापावसात शिकणाऱ्यांसाठी

तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी, घरच्या गणपतीची मूर्ती, प्लास्टिकचं विमान किंवा रेल्वे इंजिनाचं छोटं मॉडेल, यांतलं काहीही रंगवायला एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारा पेनसारखा ब्रश, घेतला की पहिला आठवडा छान जातो. मग एक दिवस तो थुंकायला लागतो. रेघ तुटते, कपात बुडबुडे येतात, ट्रिगर मागे ओढला तरी रंगच येत नाही. नवशिक्याला वाटतं, ब्रश खराब निघाला. बहुतेक वेळा ब्रश ठीक असतो, आत रंग वाळलेला असतो. आणि तो काढायच्या घाईत चुकीच्या क्रमाने खोलाखोली झाली की मग मात्र ब्रश खरोखरच बिघडतो.

नागपुरात याची काळजी दोन वेगळ्या ऋतूंत दोन वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० ते ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडीठाक, त्यामुळे सुईच्या टोकावरचा रंग बघता बघता सुकतो. उलट रंगकामाची खरी लगबग असते ती पोळ्याच्या आणि गणपतीच्या दिवसांत. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत गणेश चतुर्थी. मूर्तिकारांच्या चितारओळीत मूर्तींची गर्दी होते तेव्हाच घराघरांतले हौशी रंगारीही कामाला लागलेले असतात. तेव्हा हवेत दमटपणा भरपूर असतो आणि कॉम्प्रेसरमधून (ब्रशला दाबलेली हवा पुरवणाऱ्या यंत्रातून) हवेबरोबर पाणीही येतं.

खाली जे सांगितलं आहे ते वर कप असलेल्या, डबल ॲक्शन, ०.३ मिमी नोझलच्या ब्रशसाठी आहे. सुरुवातीला बहुतेक जण हाच घेतात. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग.

आधी भाग ओळखा

ब्रश समोरून मागे असा पाहा. सर्वांत पुढे सुईच्या टोकाचं रक्षण करणारी छोटी टोपी, तिच्यामागे हवेची टोपी, आणि तिच्या आत नोझल. स्वस्त ब्रशमध्ये नोझल पितळी असतं, आकार तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ते बारीक आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. काही ब्रशमध्ये नोझलला आटे नसतात, ते नुसतं खाचेत बसतं आणि टोपी त्याला दाबून धरते. आपला ब्रश यांतला कोणता हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा, कारण पान्याची गरज फक्त पहिल्या प्रकाराला लागते.

मधल्या भागात कप, त्याच्यामागे ट्रिगर. कप आणि ट्रिगर यांच्या मध्ये, बॉडीच्या आत, सुईभोवती एक बारीक पॅकिंग असतं. रंग मागे ट्रिगरकडे जाऊ नये म्हणून ते असतं. हा भाग बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक त्याला विसरतात, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच निघतं. ट्रिगरच्या मागे एक छोटी पट्टी, स्प्रिंगची नळी, सुई घट्ट धरणारा नट, आणि शेवटी हँडल. ट्रिगरच्या खाली हवेचा व्हॉल्व्ह आणि होजपाइपची जोडणी.

सुई या सगळ्यातून आरपार जाते. तिचं टोक नोझलच्या भोकात बसतं तेव्हा रंग बंद, मागे सरकतं तेव्हा सुरू. सुई आणि नोझल यांची ही जोडी जेवढी गुळगुळीत आणि गोल, तेवढा फवारा बारीक.

घरात काय काय असावं

महागड्या सफाई संचाची गरज नाही. औषधाच्या दुकानातून दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश घ्या, सर्वांत लहान आकाराचे. एअरब्रशच्या आत फिरवायला याहून चांगली वस्तू शोधूनही सापडणार नाही. तिथेच ग्लिसरीनची छोटी बाटली आणि इअरबड घ्या. इअरबडचा कापूस घट्ट गुंडाळलेला हवा, सैल असेल तर धागे नोझलमध्ये अडकतात.

पाण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालायला ऑटो पार्टच्या दुकानात मिळतं तेच. बोअरचं पाणी वापरू नका. कूलरच्या खसावर हंगामाच्या शेवटी जो पांढरा, कडक थर चढतो, तोच क्षार ०.३ मिमीच्या भोकात बसला तर काय होईल याचा विचार करा. डिस्टिल्ड नसेल तर आरओचं पाणी चालेल.

याशिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल, हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, ड्रॉपर, टिश्यू, एक पांढरं जुनं सुती कापड, आणि शक्य असेल तर १० पटींचं भिंग. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात ते उत्तम. रुंद तोंडाची काचेची बरणी घेऊन तिच्या झाकणाला ब्रशचं तोंड जाईल एवढं एक भोक पाडा, दुसरीकडे हवा निघायला आणखी एक, आणि त्यावर आतून स्पंजचा तुकडा बसवा. आत ओला टिश्यू ठेवा. ब्रश धुताना फवारा या बरणीतच मारायचा, खोलीत नाही.

वंगणासाठी एअरब्रशचं खास तेल किंवा ग्रीस असेल तर ते. गंज सोडवायचे स्प्रे आणि सिलिकॉनचे स्प्रे ब्रशला लावू नका. त्यांचा अंश रंगात उतरतो आणि रंगवलेल्या पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

कोणत्या रंगाला काय

सफाईत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे नीट वाचा.

पाण्याचा ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंग ओला आहे तोवर नुसतं पाणी पुरतं. वाळल्यावर पाण्याची अख्खी बाटली ओतली तरी उपयोग नाही, मग ॲक्रिलिकसाठीचा एअरब्रश क्लीनर किंवा थिनर लागतो.

अशा रंगावर थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतू नका. व्हॅलेहो कंपनीच्या रंगांसारखे काही ॲक्रिलिक अल्कोहोल लागताच दह्यासारखे फाटतात आणि चिकट गोळा नोझलमध्ये जाऊन बसतो. आधी पाण्याने रंग पूर्ण काढा, पाणी स्वच्छ येऊ लागलं की मग अल्कोहोलचा शेवटचा हात. जपानी तामियाचे ॲक्रिलिक मात्र मुळातच अल्कोहोलशी जुळणारे आहेत, त्यांना सुरुवातीपासून अल्कोहोल चालतं.

लॅकर रंगाला एनसी थिनर किंवा लॅकर थिनर. हा रंग वाळल्यावरही थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे धुवायला हा सर्वांत सोपा. इनॅमलला टर्पेंटाइन किंवा इनॅमल थिनर. इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पिकतं. त्याच दिवशी धुतलं तर सहज निघतं, आठवड्याने टर्पेंटाइनला दाद देत नाही.

एनसी थिनर जोरकस आहे. तो धातूला काही करत नाही, पण स्वस्त ब्रशमधल्या रबरी ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून बसवलेल्या गोल कड्या) फुगवतो आणि ठिसूळ करतो. टेफ्लॉनच्या पांढऱ्या रिंग टिकतात, काळ्या रबराच्या टिकत नाहीत. म्हणून थिनर कपातून फवारून बाहेर काढायला हरकत नाही, पण अख्खा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवणं बंद. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको, पितळेला तो कालांतराने खातो.

सोनेरी रंगाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मूर्तीच्या मुकुटाला आणि नंदीच्या शिंगांना तो लागतोच. त्यातली चमक म्हणजे चपटे कण असतात. ते कपाच्या तळाशी आणि पॅकिंगपाशी दडून बसतात आणि पुढच्या पांढऱ्या रंगात ठिपके होऊन येतात. सोनेरीनंतर नेहमीची धुलाई दोनदा करा. सोनेरीचं काम जास्त असेल तर ०.५ मिमीचं नोझल वापरलेलं बरं.

रंगवत असताना

सफाई काम संपल्यावर सुरू होत नाही. दर चार-पाच मिनिटांनी पाण्यात किंवा थिनरमध्ये किंचित भिजवलेला इअरबड सुईच्या टोकावरून मागून पुढे, टोकाच्या दिशेने फिरवा. उलट दिशेने घासलं तर कापूस टोकावर अडकतो आणि टोक वाकतं. मे महिन्यात हे दोन-दोन मिनिटांनी करावं लागतं. १० थेंब रंगात १ ते २ थेंब रिटार्डर (रंग हळू वाळवणारा द्रव) किंवा फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहू देणारा द्रव) घातला तर टोक कमी सुकतं. त्याहून जास्त घालू नका, रंग वाळतच नाही आणि ओघळतो. कूलरचा झोत टेबलावर थेट येऊ देऊ नका. त्याने टोक लवकर सुकतं, आणि खसाचा बारीक कचरा ओल्या रंगावर येऊन बसतो.

रंग दुधाइतका पातळ हवा. कपाच्या भिंतीवर थेंब टाकला तर दुधासारखाच पातळ थर मागे ठेवत खाली आला पाहिजे. ट्यूबमधला जाड रंग वापरत असाल तर वेगळ्या वाटीत पातळ करून, जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून मगच कपात ओता. कपात रंग ढवळू नका. तळाशी पोचलेल्या गोळ्या थेट नोझलकडे जातात.

एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना उरलेला रंग परत ओता आणि कप टिश्यूने पुसा. ड्रॉपरने ८-१० थेंब पाणी घालून बरणीत फवारा. पुन्हा थेंब घाला, समोरच्या टोपीवर टिश्यू धरून बोटाने हलकेच बंद करा आणि ट्रिगर जरासा मागे ओढा. हवा उलटी कपात येऊन बुडबुडे फुटतात आणि कोपऱ्यांतला रंग सुटतो. यासाठी दाब १० ते १५ पीएसआयवर (कॉम्प्रेसरच्या मीटरवर दिसणारं दाबाचं माप) आणा आणि दोन-तीन सेकंदच करा. जोरात केलं तर रंगाचं पाणी तोंडावर उडतं, आणि पॅकिंग सैल असेल तर ट्रिगरच्या खोबणीतही शिरतं. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत फवारा. फिक्याकडून गडदाकडे गेलात तर एवढं पुरतं. काळ्यानंतर पांढरा घ्यायचा असेल तर सुई काढून पुसणं भाग आहे.

काम संपल्यावर, रोज

यात दहा मिनिटंही जात नाहीत. जेवण झाल्यावर धुऊ असं म्हणू नका. उन्हाळ्यात तेवढ्यात कपातला रंग कातडीसारखा होतो.

१. उरलेला रंग काढा, कप पुसा.

२. रंगाला योग्य त्या द्रवाने ब्रशचा कप अर्धा भरा, दाब २० ते २५ पीएसआय ठेवा आणि ट्रिगर पूर्ण मागे ओढून बरणीत फवारा. मध्येमध्ये ट्रिगर सोडा, पुन्हा ओढा. सुई पुढेमागे होताना आतला रंग खरवडला जातो.

३. वर सांगितलेली उलट हवा दोनदा द्या. गढूळ द्रव ओतून टाका. स्वच्छ द्रवाने पुन्हा तेच करा.

४. दाब बंद करा. हँडल काढा, सुईचा नट सैल करा आणि सुई सरळ मागे ओढून काढा. वाकडी ओढू नका. सुई टिश्यूच्या घडीत धरून जाड बाजूकडून टोकाकडे पुसा. टोक बोटाला लागलं तर रक्त निघतं आणि सुईही वाकते, म्हणून घडी जाड घ्या.

५. दातांचा बारीक ब्रश ओला करून कपाच्या तळाच्या भोकातून पुढच्या दिशेला फिरवा. रंग सर्वांत जास्त इथेच दडतो.

६. सुईच्या मधल्या भागावर, म्हणजे पॅकिंगमधून जाणाऱ्या भागावर, वंगणाचा किंवा ग्लिसरीनचा एक लहानसा थेंब बोटाने पसरवा. टोकापासून निदान ३ सेंमी जागा कोरडी राहू द्या.

७. सुई मागून हळू आत सरकवा. नोझलला टेकली की थांबा. तिथे ढकलायचं नाही. नट बोटांनी घट्ट करा.

रोज एवढंच. नोझल रोज काढायची गरज नाही. रोज काढणाऱ्यांची नोझलं लवकर फुटतात.

सुई अडकून निघतच नसेल तर पकडीने ओढू नका. कपात थिनर भरून १५-२० मिनिटं ठेवा, पुढचा भागही थिनरने भिजवलेल्या कापसात गुंडाळा, मग हळूहळू गोल फिरवत ओढा.

पूर्ण खोलणं: महिन्यातून एकदा, किंवा तक्रार आली की

टेबलावर पांढरं कापड पसरा. बेसिनवर हे काम मुळीच करू नका. तांदळाएवढं नोझल जाळीतून गेलं की गेलं. कापडावर भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा.

क्रमाचा नियम एकच, आणि तो मोडायचा नाही: खोलताना आधी सुई, मग नोझल. बसवताना आधी नोझल, मग सुई. सुई आत असताना नोझल फिरवलं किंवा बसवलं तर सुईचं टोक आतून नोझलच्या भोकावर घासतं, भोक रुंद होतं किंवा चिरतं. त्यानंतर तो ब्रश बारीक रेघ काढत नाही, नवं नोझल आणण्याला पर्याय राहत नाही.

सुई काढली की पुढच्या दोन्ही टोप्या हाताने फिरवून काढा. आटेवालं नोझल असेल तर सोबत आलेला छोटा पाना सरळ बसवून हलकेच डावीकडे फिरवा. निघत नसेल तर जोर वाढवू नका, पुढच्या भागाला १५ मिनिटं थिनर लावून ठेवा. आट्यांमध्ये वाळलेला रंग असतो, तो सुटला की नोझल सहज येतं. जोराने फिरवलं तर मान तुटून आटे बॉडीतच राहतात.

नोझल आणि टोप्या एका छोट्या वाटीत थिनरमध्ये १० मिनिटं ठेवा. नोझलची रुंद बाजू म्हणजे मागची बाजू. बारीक ब्रशचं टोक मागूनच आत घाला आणि फिरवा. पुढच्या भोकातून टाचणी, शिवणाची सुई किंवा तार घालू नका. ०.३ मिमीच्या भोकाची कड इतकी पातळ असते की स्टीलच्या एका ओरखड्याने फवारा कायमचा एका बाजूला जातो. टूथपिकचं टोकही आत मोडून बसतं. अगदीच अडकलं असेल तर थिनरमध्ये तासभर आणखी ठेवा. इथे बळापेक्षा वेळ जास्त काम करतो.

अल्ट्रासॉनिक क्लीनर हाताशी असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घालून नोझल आणि टोप्या ३ ते ५ मिनिटं चालवा. ओ-रिंग आधी काढा. त्यात थिनर किंवा अल्कोहोल ओतू नका, त्याची वाफ यंत्राच्या उष्णतेने पेट घेऊ शकते.

धुतलेलं नोझल भिंगाखाली उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला केसासारखी चीर असेल किंवा तोंड कर्ण्यासारखं पसरलेलं असेल, तर ते नोझल संपलं. कितीही धुतलं तरी चालणार नाही.

आता ट्रिगर. तो सहज वर निघत असेल तर काढून त्याची खोबण इअरबडने पुसा. मागची छोटी पट्टी निसटते, ती कुठे आणि कशी उभी होती हे आधी फोनमध्ये टिपून ठेवा. खोबणीत रंग दिसला तर पॅकिंगमधून गळती आहे असं समजा. लांब, अरुंद स्क्रू ड्रायव्हर मागच्या बाजूने बॉडीत घालून पॅकिंगचा स्क्रू अगदी थोडा घट्ट करा, मग सुई घालून सरकवून बघा. सुई हलकासा विरोध करत सरकली पाहिजे. ती सैल घरंगळली तर रंग मागे येईल, आणि अडखळली तर ट्रिगर परत फिरणार नाही.

हवेचा व्हॉल्व्ह चालत असेल तर खोलू नका. त्याची स्प्रिंग उडते, आणि त्यात धुण्यासारखं फारसं काही नसतं.

बसवताना नोझलच्या आट्यांना मेणाचा अगदी पुसट हात लावा, हवा गळत नाही. नोझल बोटांनी बसेल तेवढं बसवा. मग पाना लावून, घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढंच फिरवा. याहून घट्ट केलं की मान फुटते. मग हवेची टोपी, संरक्षक टोपी, ट्रिगर, पट्टी, स्प्रिंगची नळी, आणि सर्वांत शेवटी सुई.

जोडून झालं की कपात पाणी घालून वर्तमानपत्रावर फवारून बघा. कागदाजवळ धरून एक ठिपका काढा, एक रेघ ओढा. ठिपका गोल आणि रेघ दोन्ही बाजूंनी सारखी आली तर काम झालं.

टोक वाकलं तर

सुई काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून टोक काचेच्या कडेबाहेर किंचित येऊ द्या आणि सुई फिरवा. वाकडं टोक वर-खाली नाचताना दिसतं. थोडंच वाकलं असेल तर सुई काचेवर झोपवून, नखाने टोकाकडे दाबत, फिरवत ओढा. मग २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून काचेवर ठेवा, सुई अगदी आडवी धरा, बोटांनी गोल फिरवत टोकाच्या दिशेने पाच-सहा वेळा ओढा. शेवटी धातू चमकवायच्या पेस्टने कापडावर घासून स्वच्छ पुसा. टोक आकड्यासारखं वळलं असेल तर ते नोझलमधून मागे ओढू नका. नोझल आतून ओरबाडलं जाईल. नियमाला अपवाद फक्त इथे: पुढच्या टोप्या काढून आधी बोटाने किंवा चिमट्याने टोक जमेल तेवढं सरळ करा, मग सुई मागे घ्या. जास्त वाकलेली सुई दुरुस्त करण्यापेक्षा नवी घ्या. ती नोझलच्याच मापाची असावी, ०.३ च्या नोझलला ०.२ ची सुई बसत नाही.

तक्रार आणि तिचं मूळ

कपात बुडबुडे येतात: हवा नोझलच्या बाजूने मागे शिरते आहे. टोपी सैल आहे, नोझल नीट बसलेलं नाही, किंवा त्याला चीर आहे. तपासायचं याच क्रमाने, कारण पहिलं कारण फुकटात सुटतं.

फवारा थुंकतो: टोकावर वाळलेला रंग, ही शंका पहिली. पुसून बघा. तरीही थुंकतो तर रंग जाड आहे. पातळ रंगानेही थुंकला तर नोझल खोला. पावसाळ्यात थुंकण्यात पाण्याचे स्वच्छ थेंब दिसले तर दोष ब्रशचा नाही, कॉम्प्रेसरचा आहे.

फवारा एका बाजूला जातो: सुई वाकलेली, किंवा हवेच्या टोपीच्या भोकात रंगाचा कण. सुई काढून फिरवून परत बसवा. फवाऱ्याची दिशा बदलली तर सुई दोषी, तशीच राहिली तर नोझल किंवा टोपी.

ट्रिगर फक्त दाबला तरी रंग येतो: सुई नोझलपर्यंत पोचलेली नाही. नट सैल करून सुई हळू पुढे टेकवा. तरीही येत असेल तर नोझलचं भोक झिजलं आहे.

ट्रिगर मागे ओढल्यावर परत येत नाही: पॅकिंगमध्ये रंग चिकटला आहे किंवा सुई कोरडी आहे. पुसून वंगण लावा. स्प्रिंगला हात शेवटी लावा.

काम थांबवलं तरी हवा सूं करत येते: व्हॉल्व्हचा दांडा अडकला आहे. ट्रिगरखाली वंगणाचा एक थेंब टाकून दहा-बारा वेळा दाबा. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं. होजपाइपच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळतीही बघून घ्या.

रंग पृष्ठभागावर खरखरीत बसतो: यात सफाईचा संबंध नाही. थेंब हवेतच वाळत आहेत. ब्रश जवळ आणा, दाब कमी करा, रंग आणखी पातळ करा. मे महिन्यातल्या दुपारी ही तक्रार हमखास येते, तेव्हा सकाळी सात ते दहाची वेळ रंगकामाला ठेवलेली चांगली.

कॉम्प्रेसर आणि पावसाळा

हवा दाबली की ती तापते, टाकीत आणि पाइपमध्ये थंड होते, आणि तिच्यातलं पाणी सुटतं. श्रावण-भाद्रपदात हे पाणी वाटीभर सहज साठतं. ३ लिटरच्या टाकीचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर काम संपल्यावर दाब १० पीएसआयच्या खाली आणा आणि टाकीच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढा. गंजलेलं, तांबूस पाणी आलं तर रोज काढायला लागा. टाकी आतून गंजली तर बदलावी लागते. रेग्युलेटरखालच्या (दाब कमी-जास्त करायच्या भागाखालच्या) पारदर्शक वाटीत पाणी दिसतं का हे पावसाळ्यात दर अर्ध्या तासाने बघा, तळाची पिन दाबून ते सोडून द्या. पाइप ३ मीटरचा असला तर उत्तम, त्यात हवा आणखी थंड होते. ब्रशला होजपाइप जोडतो तिथे लावायचा, हवेतलं पाणी अडवणारा छोटा वॉटर ट्रॅप या दोन महिन्यांसाठी घ्यावाच.

उन्हाळ्यात काळजी मोटरची. तिला हात लावून ठेवता येईना एवढी तापली की बंद करा, १५-२० मिनिटं थंड होऊ द्या. हवा ओढायच्या बाजूचा स्पंज महिन्या-दोन महिन्यांनी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

थिनर हाताळताना

एनसी थिनर खिडकी उघडी असलेल्या खोलीतच, आणि गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांपासून लांब. एन-९५ मास्क रंगाचा फवारा अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या असलेला रेस्पिरेटर लागतो. थिनरचे बोळे घराबाहेर सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका. उरलेला थिनर बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत तो स्थिर राहू दिला की रंग तळाशी बसतो आणि वरचा निथळलेला थिनर पुढच्या धुलाईला वापरता येतो. बाटली गच्चीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर

गणपती झाले की ब्रश बरेचदा थेट पुढच्या हंगामालाच निघतो. पूर्ण खोलून धुवा, सगळे भाग सुती कापडावर एक रात्र वाळू द्या, सुईला आणि ट्रिगरला वंगण लावा, संरक्षक टोपी बसवा आणि झाकणाच्या डब्यात आडवा ठेवा. सुईचा नट सैल ठेवा आणि सुई नोझलपासून २-३ मिमी मागे घ्या, म्हणजे टोक तिथे चिकटून बसणार नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पुढच्या वर्षी बाहेर काढाल तेव्हा ट्रिगर लगेच ओढू नका. सुई पुढे टेकवून नट घट्ट करा, कपात १० थेंब थिनर घालून पाच मिनिटं थांबा, मग आधी नुसती हवा सोडा आणि त्यानंतर थिनर फवारून बघा.